अर्धवट राहिलेले कॉलेज आणि श्रेयांकांची शिदोरी

२०२५ च्या मे महिन्यातील एका रविवारी मिस्सा आटोपून आम्ही पडवीत आलो, तो आमच्या धर्मग्रामातील एक माऊली आपल्या मुलीस घेऊन बाकावर बसलेली दिसली. मुलीच्या मांडीवर भाताच्या बियाण्याची रिकामी पिशवी होती व तीत गुणपत्रिका, फीच्या पावत्या, आधार कार्डाची प्रत आणि निरनिराळ्या कॉलेजांची ओळखपत्रे कोंबलेली होती. आम्ही विचारण्याआधीच आईने बोलावयास सुरुवात केली. “फादर, पोरीची वर्षं पाण्यात गेली म्हणतात हो. तीन ठिकाणी शिकली आणि हातात एकही पदवी नाही. हिचे आजोबा म्हणतात, आता शिक्षण पुरे, सोयरीक बघा. तुम्ही म्हणाल तसं करू.”

मुलगी खाली मान घालून बसली होती. तिला शाळेत शिक्षिका व्हावयाचे होते. त्याकरिता आधी बी.ए. आणि मग बी.एड. व्हावयास हवे. हे सारे आता आपल्या हातून निसटले, असे तिने मनाशी जवळजवळ ठरवूनच टाकले होते.

आमच्या सीमाभागात अशी मुले-मुली एक-दोन नाहीत. खानापूर तालुक्यातील मूल बेळगावला प्रवेश घेते, घरची अडचण आली की गोव्याला मावशीकडे वा काकांकडे जाते, पुढे नोकरीसाठी पुणे-मुंबई गाठते, आणि प्रत्येक ठिकाणी थोडेथोडे शिकते. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आमच्या मराठी कुटुंबांतही वडिलांची बदली झाली की हाच प्रकार घडतो. म्हणून एका ठिकाणी केलेला अभ्यास दुसऱ्या ठिकाणी कसा व कितपत मोजला जातो, हे आज जरा विस्ताराने सांगावे, असे आम्हांस वाटते.

हा प्रश्न नवा नाही. लोयोलाचे संत इग्नाशियस ह्यांचे चरित्र आपण मुलांना सांगतो. पण ते कसे विद्यार्थी होते, हे सहसा सांगत नाही. ऐन तिशीत त्यांनी बार्सिलोना येथे लॅटिन शिकावयास आरंभ केला. १५२६ साली ते आल्काला येथील विद्यापीठात गेले, पुढे १५२७ साली सालामांका येथे गेले. आल्काला येथे त्यांनी तर्कशास्त्र, पदार्थविज्ञान व ईशज्ञान हे सारे एकदम हाती घेतले आणि त्यांपैकी एकही विषय नीट पक्का झाला नाही. १५२८ च्या फेब्रुवारीत पॅरिसला पोहोचल्यावर आपला पायाच कच्चा राहिला आहे, हे त्यांच्या ध्यानी आले. तेव्हा पस्तिशी उलटलेला हा गृहस्थ लहान मुलांच्या शेजारी बसून पुन्हा लॅटिन व्याकरण गिरवू लागला. सात वर्षांनंतर, १५३५ साली, त्यांना मास्टर ऑफ आर्ट्सचे पदवीपत्र मिळाले. आधीच्या अभ्यासाचा त्यांना मनोमन उपयोग झालाच असेल. परंतु पॅरिसच्या हिशेबवहीत तो जमेस धरला गेला नाही.

मध्ययुगात ह्यावर एक उपाय शोधला गेला होता. १२३३ साली पोप नववे ग्रेगरी ह्यांनी तुलूझ येथील विद्यापीठास असा अधिकार दिला, की तेथे मास्टर झालेल्या मनुष्यास कोठेही पुन्हा परीक्षा न देता शिकविता यावे. कागदावर ही फार मोठी गोष्ट होती. पण प्रत्यक्षात जुन्या व मानी विद्यापीठांनी बाहेरच्यांस सहजासहजी आत घेतले नाही. शिवाय हा अधिकार शिक्षण पुरे करणाऱ्यास होता. ज्याचे शिक्षण मध्येच थांबले त्याने काय करावे, ह्याचे उत्तर त्यात नव्हते.

ते उत्तर मिळण्यासाठी आधी अभ्यासास माप लागले. ह्या मापास इंग्रजीत क्रेडिट म्हणतात व मराठीत आता श्रेयांक हा शब्द रूढ झाला आहे. आपण धान्य पायलीने व शेराने मोजतो, तसा अभ्यास श्रेयांकांनी मोजावयाचा. आपल्या देशातील विद्यापीठांत साधारण नियम असा, की एका सत्रात पंधरा तास वर्गात शिकले, किंवा तीस तास प्रयोगशाळेत काम केले, आणि त्या विषयात उत्तीर्ण झाले, म्हणजे एक श्रेयांक. उत्तीर्ण होणे ही अट महत्त्वाची आहे. नुसत्या हजेरीचा श्रेयांक मिळत नाही, व राहिलेल्या विषयाचाही मिळत नाही. युरोपातील देशांनी एका पूर्ण वर्षाच्या अभ्यासास साठ श्रेयांक असे समान माप १९८९ पासून वापरून पाहिले. आणि १९९९ च्या जूनमध्ये बोलोन्या येथे एकोणतीस देशांनी सह्या करून ते सर्वत्र पसरविण्याचे ठरविले. आपल्याकडे १९८५ साली स्थापन झालेल्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने हे माप स्वीकारले होते. तेथे तीस तासांच्या अभ्यासास एक श्रेयांक धरतात.

परंतु माप एक झाले म्हणजे धान्यही एक झाले, असे नव्हे. पायलीभर तांदूळ व पायलीभर नाचणी ह्यांचे माप सारखे असले तरी जिन्नस निराळा. विद्यापीठ जेव्हा दुसरीकडच्या श्रेयांकांची तपासणी करते, तेव्हा ते हेच पाहते: हा विषय आमच्या कोणत्या विषयाशी जुळतो, त्यात काय शिकविले, कोणत्या पातळीचे शिकविले. पुष्कळ पालकांस वाटते की विद्यापीठे मुद्दाम अडवणूक करतात. कधी तसेही होत असेल. पण पदवीच्या कागदावर ज्याची सही होते, त्याने त्या पदवीमागे काय आहे हे पाहावे, ह्यात गैर काही नाही.

आमच्या भागात तर विद्यापीठांच्या सीमाच वारंवार हलल्या. बेळगावातील जुनी महाविद्यालये आरंभी मुंबई विद्यापीठाची होती. १९५० च्या सुमारास ती धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाकडे गेली, आणि २०१० पासून बेळगावलाच राणी चन्नम्मा विद्यापीठ झाले. गोव्यात कला-विज्ञान शाखांची धेंपे व चौगुले ही महाविद्यालये १९६२ साली निघाली, तीही मुंबई विद्यापीठाशी जोडलेली. गोवा विद्यापीठ १९८५ साली सुरू झाले. कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ १९६२ चे. बसने दोन-चार तासांच्या ह्या टापूत आज निरनिराळी विद्यापीठे व तीन राज्यांचे निरनिराळे नियम आहेत. अलीकडे त्यात आणखी एक फरक पडला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार गोवा व महाराष्ट्र ह्यांनी चार वर्षांच्या ऑनर्स पदवीची वाट खुली केली. कर्नाटकाने २०२१ साली ते धोरण प्रथम स्वीकारले. मात्र २०२४-२५ च्या वर्षापासून तेथे पदवी पुन्हा तीन वर्षांची झाली. तेव्हा शेजारच्या गावी शिकणाऱ्या दोन चुलत भावंडांची गुणपत्रिका एकसारखी दिसणार नाही, हे पालकांनी ध्यानात ठेवावे.

आता ज्या सोयीमुळे आम्हांस त्या मुलीला धीर देता आला, तिच्याकडे वळू. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ च्या जुलैमध्ये नियम करून एक शैक्षणिक श्रेयांक बँक स्थापन केली. हिलाच ‘अॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ म्हणतात. विद्यार्थ्याने डिजिलॉकरमध्ये आधार क्रमांकाच्या साह्याने खाते उघडावयाचे. त्यास बारा आकडी क्रमांक मिळतो. तो ज्या ज्या ठिकाणी शिकेल तेथील श्रेयांक ह्या एका खात्यात जमा होतात.

ही बँक कशी चालते, हे आमच्या गावकऱ्यांस दूध डेअरीच्या उदाहरणावरून चटकन कळेल. दूध आपण घालतो, पण लिटर किती ते वहीत डेअरीचा माणूस लिहितो. आपण आपल्या हाताने आकडा लिहून चालत नाही. तसेच येथे आहे. श्रेयांक जमा करण्याचा अधिकार फक्त शिक्षणसंस्थेस आहे. विद्यार्थ्याने स्वतः गुणपत्रिका पाठविली तर बँक ती स्वीकारत नाही. म्हणून कॉलेजने आकडा चढविला की नाही, हे वेळोवेळी पाहणे आपले काम. दुसरे असे की, डेअरीचे पैसे एकदा उचलले म्हणजे ते पुन्हा मागता येत नाहीत. तद्वत् एखादी पदवी वा पदविका घेण्यासाठी वापरलेले श्रेयांक खात्यातून कायमचे वजा होतात. तिसरी गोष्ट मुदतीची. श्रेयांक फार तर सात वर्षे टिकतात. काही विषयांत ही मुदत त्याहूनही कमी ठेवलेली असू शकते. आणि चौथी, जी सर्वांत अधिक विसरली जाते: जी संस्था पदवी देणार, तिच्याकडून निदान निम्मे श्रेयांक मिळवावे लागतात. चार ठिकाणचे तुकडे गोळा करून पाचव्या ठिकाणी फक्त पदवी मागावयास गेले, तर ती मिळत नाही.

मध्येच थांबावे लागलेल्या मुलांसाठी आयोगाने २०२२ साली जो आराखडा दिला, त्यात पहिल्या वर्षाचे किमान ४० श्रेयांक व उन्हाळ्यातील ४ श्रेयांकांचा व्यवसायविषय पुरा केल्यास प्रमाणपत्र, दोन वर्षांचे ८० व तसाच ४ श्रेयांकांचा विषय पुरा केल्यास पदविका, तीन वर्षांचे १२० झाल्यास पदवी व चार वर्षांचे १६० झाल्यास ऑनर्स पदवी, अशी पायऱ्यांची रचना आहे. बाहेर पडलेल्यास तीन वर्षांच्या आत परत येता येते व एकूण सात वर्षांत पदवी पुरी करता येते. राज्याराज्यांनी व विद्यापीठांनी ह्यात आपापले फेरफार केले आहेत. म्हणून आपल्या विद्यापीठाचा नियम कार्यालयात जाऊन वाचून घेणे बरे.

आता त्या मुलीची हकिकत सांगतो. तिच्या परवानगीने सांगतो, पण नाव-गाव देत नाही. २०२१ साली तिने बेळगावात बी.ए.ला प्रवेश घेतला व दोन सत्रे उत्तीर्ण होऊन ५० श्रेयांक मिळविले. वडिलांचे काम सुटल्याने एक वर्ष घरी गेले. २०२३ साली ती गोव्यात मावशीकडे राहिली व तेथील एका महाविद्यालयात तिसरे सत्र पुरे केले, त्याचे २२. इतक्यात आईची शस्त्रक्रिया झाली व ती गावी परतली. २०२४ साली घरी बसल्या बसल्या तिने सरकारच्या ‘स्वयम्’ ह्या व्यवस्थेवर दोन विषय मोबाइलवर पाहून, केंद्रावर जाऊन परीक्षा दिल्या, त्यांचे ८. एकूण ८० झाले. आता तिला मराठी हा मुख्य विषय घेऊन कोल्हापूरकडील एका महाविद्यालयात जावयाचे होते. तेथे सिस्टरांच्या वसतिगृहात सोय होण्यासारखी होती.

आम्ही तिचे खाते उघडून पाहिले, तो त्यात फक्त पहिल्या कॉलेजचे ५० दिसले. गोव्याच्या महाविद्यालयाने तिला तात्पुरता प्रवेश दिला होता. बेळगावच्या विद्यापीठाचे स्थलांतर प्रमाणपत्र आणून दिल्यावर तो कायम व्हावयाचा. पण आईच्या आजारपणात ते द्यावयाचे राहून गेले आणि कोणी तिला त्याची आठवणही केली नाही. त्यामुळे तिचे सत्राचे गुण तेथेच अडकून पडले होते. ती बेळगावला दोनदा व गोव्यास दोनदा जाऊन आली. पहिल्या खेपेस खिडकीवरच्या माणसाने “आता एवढ्या उशिरा काय” म्हणून परत पाठविले. दुसऱ्या खेपेस ती अर्ज लिहून, पोच घेण्याची प्रत सोबत ठेवून गेली. तेव्हा आतील वयस्क लिपिकाने स्वतः फाईल शोधून काढली. महिन्याभरात २२ श्रेयांक खात्यात उमटले.

मग खरी तपासणी झाली. नव्या विद्यापीठाने ८० पैकी ५६ मान्य केले. बेळगावच्या ५० मधून एका भाषाविषयाचे ६ व कौशल्य-क्रीडा ह्या प्रकारचे ६ सुटले, कारण त्यांच्या अभ्यासक्रमात त्यांस जोड नव्हती. गोव्याच्या २२ मधून ४ गेले, कारण अर्थशास्त्राची तोंडओळख तिने दोन्हीकडे शिकली होती व एकच विषय दोनदा मोजत नाहीत. ‘स्वयम्’चे आठही गेले. हे तिला फार लागले. वास्तविक एखाद्या अभ्यासक्रमातील सत्राच्या विषयांपैकी ४० टक्क्यांपर्यंत विषय ‘स्वयम्’वरून घेण्यास आयोगाची मुभा आहे; पण कोणते घ्यावेत हे आपल्या संस्थेने आधी मान्य करावे लागते. ती त्या वर्षी कोणत्याच संस्थेची विद्यार्थिनी नव्हती. मान्यता कोण देणार?

त्या विद्यापीठात पदवीस १३२ श्रेयांक लागतात. निम्मे तेथलेच हवेत, म्हणजे बाहेरचे ६६ पर्यंत चालतात; ५६ त्यात बसले. राहिले ७६, आणि ते चार सत्रांत होण्याजोगे. तिला २०२५ च्या जूनपासून दुसऱ्या वर्षास, तिसऱ्या सत्रात प्रवेश मिळाला. २०२१-२२ साली मिळविलेले श्रेयांक सात वर्षांच्या मुदतीत, म्हणजे २०२८ पूर्वी, वापरले जावेत, म्हणून तिने आता मध्ये थांबून चालणार नाही.

ह्या अनुभवातून पालकांस व मुलांस चार गोष्टी आग्रहाने सांगाव्याशा वाटतात.

कॉलेज सोडावयाचे झाले तर नुसते जाणे बंद करू नका. कार्यालयात अर्ज द्या. कॉलेज सोडल्याचा दाखला, प्रत्येक सत्राची गुणपत्रिका व विद्यापीठाचे स्थलांतर प्रमाणपत्र मागून घ्या, आणि ज्या वर्षी शिकलात त्या वर्षीच्या अभ्यासक्रमाची छापील प्रत शिक्का मारून घ्या. हा शेवटचा कागद कोणी मागत नाही; पण विषय जुळतो की नाही हे ठरविताना त्याचाच आधार असतो, आणि पाच वर्षांनंतर तो शोधून सापडत नाही. मूळ प्रमाणपत्रे कोणत्याही संस्थेने अडकवून ठेवू नयेत, असे आयोगाने २०१८ साली बजावले आहे. नम्रतेने, पण लेखी, ती मागावीत.

नावाकडे पाहा. आमच्या ख्रिस्ती घरांत ही अडचण फारच येते. शाळेच्या दाखल्यावर बाप्तिस्म्याचे पूर्ण नाव, आधारवर घरचे हाक मारावयाचे नाव, एकीकडे वडिलांचे नाव मध्ये तर दुसरीकडे गाळलेले. कोठे डिसोझा तर कोठे डिसोजा. श्रेयांक बँकेच्या खात्यावरचे नाव व जन्मतारीख संस्थेच्या नोंदीशी जुळली नाही, तर आकडा चढत नाही. दहावीच्या प्रमाणपत्रावर जे नाव आहे, तेच सर्वत्र करून घ्यावे, व हे काम मुलगा अकरावीत असतानाच उरकावे.

नवे ठिकाण ठरविण्याआधी, पैसे भरण्याआधी, तेथे लेखी विचारा: माझे किती श्रेयांक धरणार, कोणत्या सत्रात बसविणार, पात्रता कधी कायम करणार? तोंडी “होऊन जाईल” ह्यावर विसंबू नका. तात्पुरता प्रवेश हा तात्पुरताच असतो.

आणि “इकडचे-तिकडचे सारे धरून एका वर्षात पदवी काढून देतो” म्हणणारा दलाल भेटला, तर त्यास दारातूनच निरोप द्या. आयोग बनावट विद्यापीठांची यादी प्रसिद्ध करीत असतो, ती पाहावी. दूरशिक्षणाचा अभ्यासक्रम असेल तर त्यास आयोगाच्या दूरशिक्षण विभागाची मान्यता आहे की नाही, हेही तपासावे. घाम गाळून मिळविलेले चाळीस हजार रुपये अशा कागदावर घालविलेले कुटुंब आम्ही पाहिले आहे.

राहता राहिले आजोबा. विद्यापीठाचे पत्र आले त्या दिवशी आम्ही त्यांच्या घरी गेलो. त्यांनी ते पत्र हातात घेतले, पण अक्षर बारीक म्हणून परत दिले व म्हणाले, “फादर, हिशेब तुम्हीच सांगा.” ऐंशीपैकी चोवीस गेले व छप्पन्न राहिले, हे ऐकून ते काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “आमच्या भातात सुद्धा एवढी तूट येते. म्हणून काय पेरायचं सोडतो?” सोयरिकीचा विषय तूर्त दोन वर्षे मागे पडला आहे.

आमच्या धर्मग्रामांत कित्येक घरांच्या कपाटांत अशा अर्धवट शिक्षणाच्या पिशव्या पडून आहेत, विशेषतः मुलींच्या. लग्न झाले, मूल झाले, म्हणून ती पिशवी तशीच राहिली. वाचकहो, येत्या रविवारी ती खाली काढा, कागद उलगडा, शेवटची परीक्षा कोणत्या वर्षी दिली ते पाहा. सात वर्षांच्या आतील असेल तर विलंब लावू नका. त्याहून जुनी असेल तरी मुक्त विद्यापीठांची दारे आहेत, तेथे नव्याने आरंभ करता येतो. ज्यांस अर्ज लिहिणे जड जाते, त्यांनी मिस्सा झाल्यावर पडवीत यावे. आम्ही तेथे असतोच, आणि आता ती मुलगीही सुटीत येऊन इतरांचे अर्ज लिहून देते.